चौघांचे गाव

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. घर बांधावयास निघालेल्या माणसाची कशी त्रेधा उडते, हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच या म्हणीचे मर्म कळते. लहान मुलांना मात्र घर बांधण्याचे वेड उपजतच असते. ओल्या वाळूत पाय रोवून केलेला खोपा, दिवाळीतील मातीचा किल्ला, भातुकलीतील तीन दगडांची चूल, ही सारी त्याच वेडाची रूपे होत. पूर्वी हा उद्योग अंगणात चाले. आता पुष्कळ घरी तो संगणकाच्या पडद्यावर चालतो. मुलांनो, अशाच एका खेळाविषयी आणि तो चौघांनी मिळून कसा खेळावा याविषयी मला तुम्हांला काही सांगावयाचे आहे.

या खेळाचे नाव माइनक्राफ्ट. स्वीडन देशातील मार्कुस पर्सन नावाच्या एका संगणकतज्ज्ञाने तो रचला. २००९ साली त्याचे पहिले, काहीसे ओबडधोबड रूप लोकांपुढे आले आणि २०११ च्या नोव्हेंबर महिन्यात तो पूर्णावस्थेस पोहोचला. पुढे त्याचा प्रसार इतका झाला की, २०२३ साली त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे जाहीर झाले. या खेळातील जग मोठे मौजेचे आहे. तेथील प्रत्येक वस्तू चौकोनी! डोंगर चौकोनी, झाडे चौकोनी, गाय चौकोनी, इतकेच काय, उगवणारा सूर्यसुद्धा चौकोनी! सारी सृष्टी एक मीटर लांबी, रुंदी आणि उंचीच्या ठोकळ्यांनी घडलेली आहे. एक ठोकळा फोडावा, तो झोळीत टाकावा आणि हवा तेथे रचावा, एवढेच मूळ काम. परंतु या साध्या कामातून माणूस झोपडीपासून राजवाड्यापर्यंत काहीही उभारू शकतो. त्यासाठी भूक भागवावी लागते, रात्र काढावी लागते आणि संकटातून जीव वाचवावा लागतो. खेळाच्या या प्रकारास इंग्रजीत ‘सर्व्हायव्हल’ म्हणतात. आमच्या घरी त्याला ‘जगून दाखवणे’ असे नाव पडले आहे.

आमच्या घरी म्हणजे यवतमाळात. माझी बारा वर्षांची नात येथे आमच्याजवळ असते. तिचा आतेभाऊ आणि आतेबहीण पुण्यास असतात. चौथा भिडू सर्वांत धाकटा, नऊ वर्षांचा. तो दोन वर्षांपूर्वी आईवडिलांबरोबर जर्मनीतील म्युनिक शहरी गेला. उन्हाळ्याच्या सुटीत सायंकाळी साडेसहा वाजता ही चौघे आपापल्या ठिकाणी बसून त्या एकाच जगात उतरतात. म्युनिकमध्ये तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात. या जगाचे दार केवळ या चौघांसाठी उघडते. परक्यास तेथे प्रवेश नाही, हा घरातील वडीलधाऱ्यांचा नियम. अनोळखी माणसास आपले नाव, शाळा वा परवलीचा शब्द सांगावयाचा नाही, हा दुसरा. तेथील एक दिवस आणि एक रात्र मिळून आपली वीस मिनिटे होतात. म्हणून आमच्या घरी वेळ घड्याळात न मोजता त्या जगातील दिवसांत मोजतात. सुटीत सहा दिवस, शाळा असताना तीन. मी शेजारी खुर्ची टाकून बसतो आणि चष्मा पुसत पाहत राहतो.

पहिल्या दिवशी हाती काहीच नसते. सूर्य मावळावयास दहाच मिनिटे! नवखा खेळाडू या वेळात सृष्टिसौंदर्य पाहत भटकतो आणि रात्री प्राणास मुकतो. जाणता खेळाडू आधी झाड गाठतो. लाकूड नुसत्या हातानेही मिळते. दगडाचे तसे नाही. हाताने तो फुटतो खरा, पण पदरात काही पडत नाही. त्यासाठी लाकडाचा टिकाव हवा. लाकडाच्या टिकावाने दगड मिळतो, दगडाच्या टिकावाने लोखंड मिळते आणि लोखंडाच्या टिकावाने हिरा मिळतो. यातील एकही पायरी गाळता येत नाही. टिकावावाचून या जगात टिकाव लागत नाही, असे म्हणावयास हरकत नाही! आणखी एक. झाड तोडल्यावर पानांतून गळून पडलेले रोप तेथेच लावावयास विसरू नये. आमच्या मंडळींनी पहिल्या दोन दिवसांत घराभोवतीचे सारे रान साफ केले आणि तिसऱ्या दिवशी लाकडासाठी त्यांना नदीपलीकडे जावे लागले.

पहिल्या रात्रीसाठी मोठे घर बांधू नये. पुण्याच्या थोरल्याने प्रथमच दुमजली वाड्याचा घाट घातला होता. भिंती झाल्या, जिना झाला, पण छप्पर व्हावयाच्या आधी अंधार पडला! डोंगराच्या कुशीत दोन हात खणावे, आत शिरावे आणि तोंडाशी मातीचे दोन ठोकळे रचावे. तेवढ्याने रात्र निभावते.

अंधारात त्या जगात भुतेखेते फिरतात. तीर मारणारे हाडांचे सापळे असतात. क्रीपर नावाचा एक हिरवा प्राणी तर पाऊल न वाजवता जवळ येतो आणि स्वतःसकट आपले घरही उडवून देतो. मांजरास मात्र तो भितो, म्हणून दाराशी मांजर पाळावे. पण खरा उपाय उजेडाचा. ही भुते पूर्ण काळोखातच जन्म घेतात, तेव्हा घरात, अंगणात आणि शेताच्या बांधावर मशाली लावाव्या. एक कोळसा आणि एक काठी एवढ्या सामग्रीत चार मशाली होतात. दगडी कोळसा न सापडला तर भट्टीत लाकूड जाळून लोणारी कोळसा करता येतो. आमच्या जिल्ह्यातील वणीकडे कोळशाच्या मोठ्या खाणी आहेत. त्यामुळे कोळशाचे मोल आमच्या नातीस निराळे सांगावे लागले नाही. खाणीत उतरताना मशाली नेहमी उजव्या हातास लावाव्या. म्हणजे परतताना त्या डाव्या हातास दिसतात आणि वाट चुकत नाही. ही युक्ती कोणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे, पण तिने आमच्या मंडळींचे प्राण अनेकदा वाचवले आहेत.

खणण्याविषयीचा एक नियम तर भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. आपण उभे आहोत तीच जमीन सरळ खाली खणू नये. पायाखाली काय आहे ते दिसत नाही. एखादी खोल गुहा असेल, नाही तर तापून लाल झालेला शिलारस असेल. म्हणून एक पाऊल पुढे, एक पाऊल खाली, अशा पायऱ्या खणत उतरावे. आमच्या भागात काळ्या मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण लागतो. आमच्या विहिरी याच पाषाणात खोदलेल्या आहेत. हा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर पसरलेला आणि थंड झालेला शिलारसच होय. नातीला मी हे सांगितले, तेव्हा ती अंगणातील पाट्याकडे काही वेळ टक लावून पाहत राहिली.

शेतीच्या बाबतीत मात्र मला स्वतःस रस वाटला. गवत कापले की बी मिळते. जमीन कुदळून ते पेरावयाचे. पाण्याचा एक ठोकळा आपल्या चारही बाजूंस चार ठोकळ्यांपर्यंतची जमीन ओली ठेवतो. मग शेताचा आकार कसा असावा? नातीने वहीत चौकटी आखल्या आणि गणित मांडले. नऊ गुणिले नऊ म्हणजे एक्क्याऐंशी. मधला एक चौकोन पाण्याचा, उरलेले ऐंशी गव्हाचे. एवढ्याशा पाण्यावर ऐंशी चौकोन भिजतात! हे उत्तर तिला फार आवडले आणि त्याला कारण आहे. २०१७ साली पाऊस कमी पडला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळास पाणी पुरवणाऱ्या निळोणा आणि चापडोह या जलाशयांनी तळ गाठला. गावात टँकरपुढे घागरींच्या रांगा लागल्या. ती तेव्हा अगदी लहान होती, पण त्या उन्हाळ्याच्या गोष्टी आमच्या घरात अजून निघतात. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत पानी फाउंडेशनने गावागावांत वॉटर कप स्पर्धा घेतली. तिच्यात आमच्या जिल्ह्यातील गावेही उतरली होती. भर उन्हाळ्यात पंचेचाळीस दिवस गावकऱ्यांनी टिकाव-फावडी घेऊन उतारावर चर खणावयाचे आणि पावसाचे पाणी अडवावयाचे, अशी ती स्पर्धा. ठोकळे फोडून गाव उभे करण्याचा तोही एक खेळच. फक्त त्यात हाताला खरे फोड येत.

शेतात उड्या मारू नयेत, पीक तुडवले जाते. गव्हाच्या तीन पेंढ्यांचा एक पाव होतो. धावल्याने आणि उड्या मारल्याने भूक लवकर लागते, म्हणून पाव जवळ असल्याशिवाय लांब जाऊ नये. मेंढ्यांची एक जोडी राखावी, कारण अंथरुणास लोकर लागते. तीन लोकरीचे ठोकळे आणि तीन फळ्या मिळून एक अंथरूण होते. कापूस मात्र त्या जगात पिकत नाही. यवतमाळच्या माणसास ही उणीव खटकल्याशिवाय कशी राहील? असो.

एकटा माणूस खेळत असेल तर एवढे पुरे. चौघे असतील तर मात्र खरी अडचण येथून पुढे सुरू होते. प्रत्येकजण आपापल्या पेटीत माल साठवू लागतो. एकाकडे लोखंड पडून असते आणि दुसऱ्याच्या हाती दगडाचा टिकाव असतो. आमच्या मंडळींनी यावर एक सामाईक पेटी ठेवली आणि तिला ‘कणगी’ म्हणू लागले. मिळेल ते कणगीत टाकावे, लागेल तेवढेच न्यावे, आणि नेले असेल ते शेजारच्या पाटीवर लिहावे. कामेही वाटून घेतली. थोरला खाणीत, त्याची बहीण सुतारकामात, आमची नात शेतात आणि बांधकामात. धाकट्याच्या वाट्यास गुरेमेंढ्या आल्या. हे काम त्याला कमीपणाचे वाटे. त्याला हिरा शोधावयाचा होता.

चौघांनी पुष्कळ दिवस खपून लोखंडाचे एक चिलखत तयार केले होते. शिरस्त्राणास पाच, छातीस आठ, पायांस सात आणि जोड्यास चार, अशा चोवीस लोखंडी विटा त्यात गेल्या होत्या. टिकावाच्या तीन धरल्या म्हणजे सत्तावीस. जो खाली उतरेल त्याने ते घालावे असे ठरले होते. एके दिवशी आमच्याकडील तिघे खेळ आटोपून जेवावयास उठले. म्युनिकमध्ये तेव्हा संध्याकाळचे पाचच वाजले होते. धाकट्याने चिलखत चढवले, टिकाव घेतला आणि पाटीवर काही न लिहिता तो एकटाच निघाला. पायऱ्या खणण्याचा त्याला कंटाळा आला असावा. त्याने सरळ पायाखाली खणले आणि तो शिलारसात पडला.

त्या जगात मेलेला खेळाडू आपल्या अंथरुणावर पुन्हा जागा होतो, ही मोठी सोय आहे. त्याची झोळी मात्र मेल्या जागीच राहते. पाच मिनिटांत तेथे पोहोचले तर ती परत मिळते. पण शिलारसात पडलेली वस्तू तत्काळ जळून जाते. सत्तावीस विटांचे काहीच उरले नाही.

दुसऱ्या दिवशी हे उघडकीस आले, तेव्हा पुण्याचा थोरला फार रागावला. “याला काढून टाकू या. तो लहान आहे, त्याला कळत नाही,” असे तो म्हणाला. त्याची बहीणही त्याच्या बाजूस झाली. माझी नात काही बोलली नाही. धाकट्याने ते सारे ऐकले आणि तो निमूटपणे खेळातून निघून गेला. त्यानंतर तीन दिवस तो आलाच नाही. त्याच्या आईचा फोन आला, तेव्हा कळले की, शाळेत त्याला अजून भाषा नीट येत नाही आणि मधल्या सुटीत तो एकटाच बसतो. दुपारी तीन वाजण्याची मात्र तो रोज वाट पाहत असे.

मी नातीस हे सांगितले. तिला काय करावे हे मात्र मी सांगितले नाही. शाळेत पस्तीस वर्षे मुलांची भांडणे पाहिल्यावर माझे असे मत झाले आहे की, मोठ्यांनी मिटवलेले भांडण फार काळ मिटलेले राहत नाही.

या तीन दिवसांत त्या तिघांनी लोखंड शोधण्यासाठी नदीपलीकडे फार लांब मजल मारली. लोखंड पुष्कळ मिळाले. पण जवळचे पाव संपले आणि पोटे रिकामी झाली. भुकेल्या खेळाडूस धावता येत नाही, जखमाही भरून येत नाहीत. रडतखडत ते घरी परतले, तर कणगीत पाव नाही आणि शेतात गहू हिरवाच! तीन दिवसांपूर्वी होता तेवढाच. नातीस नवल वाटले. पाणी जागेवर होते, मशाली पेटत होत्या, मग गहू का वाढला नाही? तिने शोध केला, तेव्हा या खेळाचा एक नियम तिला सापडला. शेताच्या आसपास कोणीही खेळाडू नसेल तर पिकाची वाढ थांबते. माणसाची चाहूल असेल तरच तेथील गहू वाढतो.

मग आजवर रोज सकाळी पिकलेला गहू कसा दिसत होता? तिघे जेवावयास गेल्यावर धाकटा त्या जगात एकटाच मागे राहत असे. गुरांस चारा घालावा, मेंढ्या कोंडाव्या, शेताच्या कडेने फिरावे, असे त्याचे तासभर चाले. ‘तो काहीच करत नाही’ अशी पुण्याची तक्रार होती ती याच तासाबद्दल. नात माझ्याकडे आली आणि म्हणाली, “आबा, तो जागल करत होता हो!”

जागल हा शब्द तुमच्यापैकी कित्येकांस ठाऊक नसेल. आमच्याकडे पीक उभे राहिले की रानडुकरे आणि रोही रात्री शेतात शिरतात. म्हणून शेतकरी शेतात मचाण बांधून त्यावर रात्र काढतो, मधून मधून आरोळी देतो. यास जागल म्हणतात. जागलीच्या रात्री तो माणूस नांगरत नाही, पेरत नाही, कापत नाही. नुसता तेथे असतो. सकाळी पीक उभे दिसते ते त्याच्यामुळे.

तिने त्याच दिवशी म्युनिकला फोन लावला. मी शेजारच्या खोलीत होतो, त्यामुळे काही शब्द कानी पडले. “हे बघ, कणगीत एकही पाव नाही. गहू हिरवाच उभा आहे. तू नसलास की तो वाढत नाही, हे आम्हांला माहीत नव्हते.” पलीकडून बराच वेळ उत्तर आले नाही. मग त्याने विचारले, “ताई, दादा अजून रागावला आहे का?” ती म्हणाली, “आहे. पण त्यालाही भूक लागली आहे.”

तो आला. थोरल्याने त्याला काही म्हटले नाही. मात्र शेताजवळच्या नव्या पेटीत लोखंडी जोडा ठेवलेला सापडला. चारच विटांचा. “उरलेले चिलखत हळूहळू,” असे थोरल्याने सांगितल्याचे कळले. त्यानंतर त्यांनी दोन नियम केले. खाणीत एकट्याने उतरावयाचे नाही, आणि लांबच्या सफरीवर निघताना एकाने तरी गावात राहावयाचे. राहण्याची पाळी आता चौघांवरही येते. थोरल्याने आपल्या पाळीस पहिल्या दिवशी बरीच कुरकूर केली. परंतु त्या दिवशी त्याने कोंबड्यांचे खुराडे इतके नेटके बांधले की, त्याची कुरकूर कोणी मनावर घेतली नाही.

चौघांच्या खेळात रात्र लवकर सरावी यासाठी एक सोय आहे. सर्वांनी अंथरुणावर आडवे व्हावयाचे, की लगेच उजाडते. पण एकजण जरी खाणीत रेंगाळला तरी बाकीच्यांनी नुसते पडून राहावयाचे; सकाळ होत नाही. म्हणून दिवस कलू लागला की एकमेकांस हाक द्यावी. आमच्या घरी आता ही हाक ऐकू येते आणि स्वयंपाकघरातील मंडळीही हसतात, कारण ती ऐन संध्याकाळी सात वाजता येते: “चला, झोपा रे सगळे!”

धाकट्याने सध्या शेताच्या कडेला मचाण उभारावयास घेतले आहे. परवा त्याने मला फोनवर विचारले, “आबा, जागल करणारा माणूस मचाणावर झोपतो की रात्रभर जागा असतो?” मी म्हणालो, “डुलकी घेतो. पण कान जागे ठेवतो.” मग त्याने उंची विचारली, शिडी कोणत्या बाजूस असते ते विचारले आणि खऱ्या मचाणाचे छायाचित्र मागितले. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या मचाणाचे छायाचित्र मी पाठवले आहे. मचाण सहा ठोकळे उंच झाले आहे. छपरास गडद लाकूड घालावे की फिकट, यावर पुणे आणि म्युनिक यांचे अजून एकमत झालेले नाही.